राग रुग्णामुळे आला की वॉर्डमुळे?

मानसोपचार करताना रुग्णाविषयी थेरपिस्टच्या मनात राग, माया, कंटाळा, भीती असे जे काही उमटते, त्याला काउंटरट्रान्सफरन्स म्हणतात. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1910 मध्ये त्याकडे उपचारातला अडथळा म्हणून पाहिले, तर मनोविश्लेषक पॉला हायमन यांनी 1950 मध्ये, याच भावना रुग्णाला समजून घेण्याचे साधन ठरू शकतात, अशी मांडणी केली. ही दुसरी भूमिका आता रुळली आहे; मात्र तिच्या आडून मनात आलेली प्रत्येक भावना सरसकट रुग्णाच्या खात्यावर टाकली जाते आणि उपचाराच्या जागेमुळे आलेली भावना वेगळी ओळखायची राहून जाते.

मनोरुग्णांच्या बंद वॉर्डमध्ये, म्हणजे जिथून रुग्णाला स्वतःच्या मर्जीने बाहेर पडता येत नाही तिथे, राउंडच्या वेळी रुग्ण पुन्हा विचारतो, "डॉक्टर, मला घरी कधी सोडणार?" थेरपिस्ट वैतागतो आणि केसपेपरवर "रुग्ण हट्टी आहे" अशी नोंद करतो. खरे तर डिस्चार्जचा निर्णय थेरपिस्टच्या हाती असल्यामुळे, त्या एका प्रश्नासरशी तो उपचारकर्ता न राहता पहारेकरी होतो, आणि बोचते ते हेच. ओपीडीत हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण रुग्ण आपल्या पायांनी येतो आणि जातो. तिथे बोच निराळी असते: आत्महत्येचे विचार बोलून दाखवलेला रुग्ण पुढच्या अपॉइंटमेंटला आला नाही, तर काळजी थेरपिस्टला एकट्यालाच वाहावी लागते.

वॉर्डमध्ये काळजी सगळ्यांत वाटली जाते, पण मतेही फाटतात. एका नर्सला रुग्ण बिचारा वाटतो, दुसरीला लबाड. मनोविकारतज्ज्ञ टॉम मेन यांनी 1957 मध्ये अशा फाटाफुटीचे बारकाईने वर्णन केले. त्याआधी, 1954 मध्ये, मनोविकारतज्ज्ञ स्टँटन आणि समाजशास्त्रज्ञ श्वार्ट्झ यांनी दाखवून दिले होते की, कर्मचाऱ्यांमधले दडलेले मतभेद उघड बोलले गेले की रुग्णाची अस्वस्थताही ओसरू शकते. म्हणजे जे रुग्णाचे लक्षण वाटत होते, त्यातही जागेचा वाटा होता.

एकाच पाळीत स्वभावाने अगदी भिन्न अशा रुग्णांवर सारखीच चिडचिड होत असेल, तर आधी जागेकडे, तिथल्या नियमांकडे आणि कामाच्या ताणाकडे पाहावे. उलट, एखादा रुग्ण वॉर्डमध्ये आणि नंतर ओपीडीतही, वेगवेगळ्या थेरपिस्टना तितकेच हतबल करत असेल, तर ती भावना त्याच्याविषयी काही सांगत असण्याची शक्यता अधिक. ही कसोटी पक्की नाही: वॉर्डमध्ये मुळात अधिक गंभीर अवस्थेतले रुग्ण दाखल होतात, त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या भावनांची थेट तुलना करताना रुग्णांमधला हा फरकही लक्षात घ्यावा लागतो.