फड, तमाशाचा (सातारा-सांगली परिसर)

फड : ढोलकीच्या तमाशाचा संच. सरदार (फडाचा म्होरक्या), सोंगाड्या, ढोलकीवाला, सुरत्ये (झील धरणारे साथीदार), नाचणाऱ्या कलावंत आणि ज्या नावावर सुपारी घेतली जाते ते नाव, या सर्वांना मिळून हा शब्द वापरतात. जमाव, सभा, कचेरी हा त्याचा जुना अर्थ. उसाचा फड आणि कुस्तीचा फड हे प्रयोग कृष्णाकाठी आजही रोजच्या बोलण्यातले आहेत.

जुन्या उल्लेखांतील ‘सातारा’ हे नाव जपून वाचावे लागते. इंग्रजी अमलात तासगाव आणि वाळवा हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये काही संस्थानी मुलूख जोडून दक्षिण सातारा हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून पूर्वी ‘सातारकडचे’ म्हटलेले अनेक तमासगीर आजच्या हिशेबाने सांगलीचे ठरतात.

वगाचा उगम : गण (आरंभीचे वंदन), गौळण (कृष्ण-गवळणींचा प्रसंग), बतावणी (विनोदी संवाद), रंगबाजी (लावण्या) आणि वग हा तमाशाचा क्रम सर्वपरिचित आहे. त्यातला वग, म्हणजे सलग कथानकाचे नाट्य, सर्वांत उशिरा आला याबद्दल अभ्यासकांत फारसे दुमत नाही. पहिला वग म्हणून ‘मोहना-बटाव’चे नाव घेतले जाते. तो तासगाव तालुक्यातील सावळजच्या उमाबाबू (उमाजी मांग) सावळजकर यांच्या नावावर आहे आणि त्याचा काळ साधारणपणे १८६५ च्या सुमाराचा धरतात. हे साल काटेकोर मानण्यापेक्षा एकोणिसाव्या शतकाचा तिसरा चतुर्थांश म्हणणे अधिक सुरक्षित होय.

वग कोठून आला, याविषयी मुख्यतः तीन मते आहेत. पहिल्या मताप्रमाणे तो नाटकाच्या अनुकरणातून निघाला. विष्णुदास भावे यांचे ‘सीता स्वयंवर’ सांगली संस्थानात १८४३ मध्ये झाले होते आणि सावळज तिथून दूर नाही, त्यामुळे हे मत सहज पटते. दुसरे मत कथानकाकडे बोट दाखवते. ‘बटाऊ’ म्हणजे हिंदीत वाटसरू. मोहना आणि छेलबटाऊ यांची गोष्ट पारशी रंगभूमीवरही आलेली आहे, तेव्हा वगाची प्रेरणा मराठी मुलखाबाहेरची असावी, असे हे मत. तिसऱ्या मताप्रमाणे वग हा पोवाडा आणि कथात्मक लावणी यांचाच विस्तार आहे.

यांपैकी तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. भाव्यांची नाटके पौराणिक होती. वग सुरुवातीपासून राजे, प्रधान, प्रेमिक आणि चोर-शिपाई यांच्या लौकिक गोष्टी सांगतो. नाटकातला सूत्रधार पदे म्हणतो, हे साम्य खरे. पण वगात शाहीर पद्यात कथा पुढे नेतो, झीलकरी शेवटचे अक्षर उचलून ‘जी जी’ची झील धरतात आणि मग पात्रे ऐनवेळच्या गद्य संवादांनी प्रसंग उभा करतात. ही रीत पोवाड्याची आहे. गोष्ट बाहेरून फिरत आली असेल, पण तिला उभे करण्याची पद्धत इथल्या शाहिरांच्या हातात आधीपासून होती. सावळजकरांचे मोठेपण या जोडणीत आहे आणि ते जातीमुळे दीर्घकाळ दुर्लक्षिले गेले, हे नोंदवणे आवश्यक आहे.

वाद्यमेळ : ढोलकी हा फडाचा प्राण. तिचे लहान तोंड चढ्या स्वराला लावतात आणि मोठे तोंड घुमाऱ्यासाठी असते. सोबत हलगी, झांज आणि एकतारी तुणतुणे. तुणतुण्यावर सूर टिकवून धरला जातो. सुरत्ये ढोलकीवाल्याच्या मागे उभे राहून टिपेच्या सुरात झील धरतात. हे काम सोपे समजले जाते, पण ध्वनिक्षेपक नसताना यात्रेच्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवणे याच मंडळींवर अवलंबून असे. वग सुरू होण्याआधी ढोलकी-हलगीची जी सलामी झडते, तिच्यावरून जाणकार प्रेक्षक फडाची पत ठरवतात. पुढे पेटी आणि विजेवरची वाद्ये आली.

पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) : मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी; वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. कुळकर्णपण सोडून ते फडात आले. पवळा या महार समाजातील कलावतीबरोबरच्या त्यांच्या फडाने मुंबई-पुण्यापर्यंत लौकिक मिळवला, आणि या सहवासामुळे त्यांना स्वजातीचा बहिष्कार सोसावा लागला. नाच्या पोऱ्याच्या (स्त्रीवेषात नाचणाऱ्या मुलाच्या) जागी स्त्री उभी राहण्याच्या बदलात पवळाबाईंचे नाव अग्रभागी येते. बापूरावांनी दोन लाख लावण्या रचल्या असे सांगितले जाते. हा आकडा अक्षरशः घेऊ नये, तो शाहिरी भाषेतला आहे. छापून आलेल्या रचना त्या मानाने थोड्याच आहेत.

कवलापूर आणि जोडनावे : मिरज तालुक्यातील कवलापूरच्या खाडे घराण्यात तमाशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. शिवा-संभा कवलापूरकर, आणि त्यानंतर संभाजींचे जुळे पुत्र लहू व अंकुश, म्हणजेच काळू-बाळू. ‘जहरी प्याला’ या वगातील पोलिसांच्या भूमिकांवरून पडलेली ही नावे पुढे खऱ्या नावांवर मात करून बसली. सारख्या चेहऱ्याच्या दोघांनी एकमेकांचे वाक्य उचलून धरायचे, हा त्यांच्या विनोदाचा पाया होता. दोघांची जोडी आणि शेवटी गाव, ही फडाच्या नावाची घडण इतरत्रही दिसते. यात्रेच्या जाहिरातीत प्रेक्षक आधी हे नाव वाचतो, वगाचे नाव नंतर.

जलसा, कलापथक, मुक्तनाट्य : सत्यशोधक जलसे सातारा जिल्ह्यात विशेष रुजले, त्यांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात भिक्षुकशाही आणि सावकारी यांवरची टीका भरली. वाटेगावचे (ता. वाळवा) अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांनी अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले. त्यांच्या गणात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन असे, गौळण गळाली. तमाशाला ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ होण्यात त्यांचा वाटा मोठा मानला जातो. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे (१९२३–२०१५) यांनी १९६० च्या आसपास ‘यमराज्यात एक रात्र’सारखी मुक्तनाट्ये केली. त्यांच्या आवाजातील ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राजा बढे यांचे, श्रीनिवास खळे यांनी संगीत दिलेले गीत २०२३ मध्ये राज्यगीत झाले. १९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

संगीत बारी : ही फडाहून वेगळी. तीत वग नसतो. पेटी-तबला-ढोलकीच्या साथीने बैठकीची आणि नाचाची लावणी सादर होते. या परंपरेतील यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) वाईच्या. अदा करताना एकाच ओळीचा भाव अनेक अंगांनी उलगडण्याचे त्यांचे कसब शास्त्रीय नर्तकांनीही वाखाणले. त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली.

हंगाम : फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतो. चैत्र-वैशाखातील गावजत्रांत सुपाऱ्यांची गर्दी होते आणि पावसाळ्याच्या तोंडावर फड उतरतो. पावसाळ्यात कलावंत घरी किंवा शेतावर असतात. पुढच्या हंगामासाठी मालकाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) तेव्हाच ठरते.