रास्ना आंब्याचा रस शोषत नाही

‘आंब्यावरचं ऑर्किड झाडाला खातं’ या समजापायी मराठवाड्यात वांडा टेसेलाटा, म्हणजे रास्ना, बांडगुळासोबत कापलं जातं. फरक रोप फांदीला जिथे जोडलंय त्या सांध्याजवळ पाहा. बांडगुळाची मुळं लाकडात घुसतात, तिथे फांदी गाठीसारखी फुगते. रास्नेची जाड मुळं सालीवर नुसती चिकटतात. कोरडी असताना राखाडी, भिजली की हिरवी. पाणी पावसाचं नि दवाचं, अन्न स्वतःच्या पानांचं.

वादळात पडलेलं रोप मिळालं तर खरबरीत सालीच्या फांदीला सुती दोरीने बांधा. कुंडीत माती घालून लावलंत तर मुळं हवेअभावी कुजतात. किनवटच्या जंगलात रास्नेला पानांची सावली असते. लातूरच्या गच्चीवर उन्हाळ्यात ५० टक्के शेडनेट लागतेच. पाणी सकाळी द्या, पानांच्या बेचक्यात साचू देऊ नका, नाहीतर शेंडा सडतो. आपल्याकडचं बोअरचं जड पाणी मुळांवर क्षारांचा पांढरा थर चढवतं, म्हणून पावसाचं साठवलेलं बरं. वाढीच्या दिवसांत लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत), पंधरवड्याने एकदा. शेण नको.

जंगलातून मात्र ओरबाडू नका: धुळीसारख्या बियांत अन्नसाठा नसतो, योग्य बुरशी भेटली तरच रुजतात.