रिडक्शन की लिफ्ट? आधी ग्रॅम विचारा

जड छातीच्या मुलीला शाळेत असल्यापासून घरच्या बायका सांगत असतात, ‘पोक काढून चालू नकोस.’ ती पोक काढते ते लपवण्यासाठी. पुढे मान, खांदे, पाठ दुखायला लागली की ती हाडांच्या डॉक्टरकडे जाते, उशी बदलते, मलम चोळते. मग कधीतरी मोबाइलवर दोन शस्त्रक्रियांची नावं समोर येतात: ब्रेस्ट रिडक्शन आणि ब्रेस्ट लिफ्ट. फोटोंत दोन्ही सारखीच वाटतात, आधी ओघळलेले स्तन, नंतर वर आलेले. व्रणही बरेचदा तसेच.

घोळ होतो तो यामुळे, की रिडक्शन करताना लिफ्ट आपोआप होते, पण लिफ्ट करताना रिडक्शन होत नाही. रिडक्शनमध्ये सर्जन स्तनातली ग्रंथी, चरबी आणि जादा त्वचा काढून टाकतात, उरलेल्या भागाला आकार देतात आणि स्तनाग्र वर आणून बसवतात. लिफ्टमध्ये मुख्यतः सैल त्वचा निघते. आतला ऐवज तसाच राहतो, फक्त वर उचलून बांधला जातो. उशीतला कापूस तेवढाच ठेवून अभ्रा घट्ट शिवला, तर उशी टुमदार दिसेल, हलकी होणार नाही. लिफ्टचं तेच. रिडक्शनमध्ये कापूस निघतो, एकेका बाजूने चार-पाचशे ग्रॅम निघणंही नवलाचं नाही.

तेव्हा आपली तक्रार नेमकी कशाची आहे, हे आधी स्वतःशी उलगडावं. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खाचा पडल्या आहेत, स्तनांखालच्या घडीत पावसाळा-उन्हाळा पुरळ उठतं, पळता येत नाही, रात्री मान अवघडते, तर तक्रार वजनाची आहे. बाळंतपणं झाली, वजन उतरलं, स्तन रिकाम्या पिशवीसारखे लोंबू लागले, पण दुखत काही नाही, तर तक्रार जागेची आहे. पहिलीला लिफ्टने उतार पडणार नाही. दुसरीला रिडक्शन केलं तर आधीच कमी झालेलं आणखी कमी होईल. दोन्ही तक्रारी एकत्र असतील तर रिडक्शनमध्ये दोन्ही भागतात. व्यायामाने पाठ बळकट होते, त्याचा उपयोगही होतो. पण ग्रंथी व्यायामाने झडत नाही. ‘जिमला जा, कमी होईल’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे, आणि तो देणारी माणसं बहुधा ते ओझं वागवत नसतात.

व्रणांबद्दल स्पष्ट बोलावं, कारण इथे बऱ्याच जणींचा भ्रमनिरास होतो. स्तनाग्राभोवती गोल, तिथून खाली उभी रेघ, आणि स्तन मोठे असतील तर खालच्या घडीत आडवी रेघ, म्हणजे जहाजाच्या नांगराचा आकार. वर्षभरात व्रण फिके होतात, पुसले जात नाहीत. दोन्ही शस्त्रक्रियांत हे येतं. वजन उतरल्याच्या बदल्यात व्रण पत्करणं अनेकींना परवडतं. नुसत्या आकारासाठी परवडेल का, हे जिचं तिने ठरवावं.

अंगावर पाजायचं असेल तर फरक मोठा आहे. रिडक्शनमध्ये स्तनाग्र सहसा पूर्ण सुटं करत नाहीत, रक्तवाहिन्या आणि काही दूधनलिका जोडलेल्या ठेवून सरकवतात. तरीही ग्रंथी कमी झालेली असते. दूध येऊ शकतं, पुरेल याची हमी नसते. फारच मोठ्या स्तनांत कधी स्तनाग्र सुटं करून पुन्हा लावावं लागतं, मग पाजणं आणि तिथली संवेदना दोन्ही जातात. लिफ्टमध्ये ग्रंथीला सहसा कमी हात लागतो, पण बाळंतपणानंतर स्तन पुन्हा ओघळू शकतात. म्हणून लिफ्ट मुलं झाल्यावर करावी, हे पटण्यासारखं आहे. रिडक्शनला मात्र हा नियम लावून एखादीला दहा वर्षं पाठदुखीत ठेवणं मला पटत नाही. वाढ पूर्ण झाली असावी आणि वजन काही महिने स्थिर असावं, एवढं पाहावं.

रिडक्शन पूर्ण भूल देऊन होतं, दोन ते चार तास लागतात. बसून करायच्या कामावर एक-दोन आठवड्यांत जाता येतं. पाण्याची कळशी, गॅसचा सिलिंडर, कडेवरचं मूल मात्र साधारण सहा आठवडे नको. काढलेला भाग तपासणीला पाठवतात. चाळिशी उलटलेल्यांना आधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करायला सांगतात.

विम्याचं आधीच लेखी विचारून घ्यावं. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात रूप बदलण्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणं, कर्करोग किंवा तब्येतीला थेट धोका असेल आणि डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल, तरच वाट असते. लिफ्टला ती जवळपास नाहीच. रिडक्शनसाठी मानदुखीचे, फिजिओथेरपीचे, त्वचारोगाचे जुने कागद जपून ठेवले असतील तर निदान मांडायला काही असतं.

सर्जनसमोर बसल्यावर पहिला प्रश्न असा: ‘प्रत्येक बाजूने अंदाजे किती ग्रॅम काढणार?’ उत्तर ‘फक्त त्वचा’ असं आलं तर ती लिफ्ट आहे, कागदावर नाव काहीही असो. आणि तपासणीच्या फॉर्मवर ‘धूम्रपान?’ असं विचारतात, तिथे मिश्री लावणारी बाई बिनदिक्कत ‘नाही’ लिहिते. निकोटीन कुठूनही आलं तरी रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही, स्तनाग्र काळं पडून गळण्याचाही धोका वाढतो. मिश्री, तंबाखू, गुटखा, जे असेल ते डॉक्टरांना सांगावं आणि शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी बंद करावं.