शेपटीवर डोळा असलेला शिकारी

क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या शोभिवंत माशांच्या दुकानांत कधीकधी बोटाएवढी पिल्लं ‘पीकॉक बास’ म्हणून विकायला असतात. त्यांचं मूळ घर ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यात. ब्राझीलमध्ये त्यांना तुकुनारे म्हणतात. हा मासा बास नाहीच. सिक्लिड कुळातला, म्हणजे आपल्याकडे मिळणाऱ्या चिलापीचा भाऊबंद. सोनेरी-हिरवं अंग, काळे पट्टे, लालसर पर आणि शेपटीच्या मुळाशी पिवळ्या कड्याचा काळा ठिपका, थेट मोराच्या पिसावरच्या डोळ्यासारखा. यातली सर्वांत मोठी जात जवळपास एक मीटर वाढते, 13 किलोंच्या पुढे जाते. याच जातीचे मासे विणीचा काळ नसताना गडद अंगावर पांढरे ठिपके घेऊन फिरतात. हे ठिपकेवाले पूर्वी वेगळी जात समजले जात.

त्याला गरवण्याची सगळी रीत त्याच्या डोळ्यांवर बेतलेली आहे. तो बघून शिकार करतो, त्यामुळे गळाला लागतो तो दिवसाउजेडी, रात्री विसावतो. पुराच्या दिवसांत नदी जंगलात पसरते आणि मासे झाडाझुडपांत विखुरतात, तेव्हा गळ टाकणं जवळजवळ व्यर्थ. पाणी ओसरलं की लहान मासे आडोसा सोडून डोहांत येतात आणि तुकुनारे पडलेल्या झाडांच्या खोडांपाशी दबा धरतो. मागे पंखा लावलेलं लाकडी आमिष पाण्याच्या पृष्ठभागावरून झटके देत, आवाज करत ओढलं की तो त्यावर तुटून पडतो. पहिला हल्ला हुकला तरी थांबायचं नाही, आमिष हलतं ठेवायचं. बहुधा तो पुन्हा येतो. लागल्यावर मात्र तो सरळ बुडालेल्या फांद्यांत घुसतो. म्हणून मोठ्या माशांसाठी 50 ते 80 पाउंडांचा ताण झेलणारा विणलेला दोर वापरतात. सगळा निकाल पहिल्या काही सेकंदांत लागतो.

या त्वेषामागे आणखी एक कारण असतं. नर-मादी दोघं मिळून अंडी आणि पिल्लं राखतात, जवळ येईल त्याला हाकलतात. अशा वेळी गळाला लागलेला मासा पटकन सोडला नाही, तर मागे पिल्लांचा फन्ना उडतो. टोकाचा उलटा काटा दाबून सपाट केलेला गळ वापरावा असं मला वाटतं ते यासाठीच.

पण हाच मासा परक्या पाण्यात काय करतो, हे पनामाच्या गातून सरोवरात दिसलं. 1967 च्या सुमारास तो तिथल्या नदीत निसटला आणि सरोवरात पसरला. 1973 मध्ये झारेट आणि पेन या शास्त्रज्ञांनी लिहिलं, की नेहमी आढळणाऱ्या 8 स्थानिक जातींपैकी 6 तिथून नाहीशा झाल्या होत्या. छोटे मासे संपले तसे त्यांच्यावर जगणारे पाणपक्षीही कमी झाले. फ्लोरिडात 1984 मध्ये तो मुद्दाम सोडला गेला, परक्या चिलापीला आवर घालण्यासाठी. तिथे तो दक्षिणेपुरताच राहिला, कारण पाणी 15–16 अंशांच्या खाली गेलं की तो मरतो.

मुंबईतल्या तळ्यांचं पाणी एवढं गार होत नाही. थंडीचा जो बांध फ्लोरिडाला आहे तो पवईला नाही, आणि म्हणूनच टाकीत मावेनासा झालेला पीकॉक बास पवईत सोडणं मला भयंकर वाटतं. तो दुकानदाराला परत द्यावा, नाहीतर मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्यावा.

अशाच झडपेचा थरार हवा असेल तर आपली मरळ आहे. तीही दबा धरते आणि बेडकाच्या आकाराचं रबरी आमिष पाणवनस्पतींवरून सरकवलं की उसळून घेते. पावसाळ्यात पृष्ठभागाशी लालसर पिल्लांचा पुंजका दिसला, तर खाली आईबाप राखणीला असणारच. तिथे गळ टाकू नये.