वजन सारखंच, कुपोषण वेगळं: ‘कमी वजन’ आणि ‘सॅम’

अंगणवाडीत वजन झालं की ताई एका आईला सांगतात, ‘पोरगी कमी वजनाची आहे.’ दुसरीला सांगतात, ‘सॅममध्ये आलीय.’ घरी पोचेपर्यंत दोन्हींचा अर्थ एकच झालेला असतो: लेकरू वाळलंय, खाऊ घाला. या गोंधळात जिला दवाखान्यात न्यायला हवं ती घरीच राहते.

कमी वजन वयाशी ताडून ठरतं. सॅम, म्हणजे तीव्र कुपोषण, उंचीशी ताडून.

नागपूरच्या पारडीतल्या एखाद्या अंगणवाडीत दोन मुली आहेत असं धरा. दोघींना नुकतीच दोन वर्षं पूर्ण झालीत, दोघी ८ किलोच्या. या वयाच्या मुलीचं वजन ८.१ किलोच्या खाली असलं की ते ‘तीव्र कमी वजन’, म्हणजे कागदावर दोघी एकाच रांगेत. आता उंची मोजा. पहिली ७५ सेंटिमीटर, दुसरी ८४. पहिली वयाच्या मानाने फार बुटकी आहे, पण त्या उंचीला ८ किलो चालण्यासारखं आहे. दुसरीच्या अंगावर मांसच उरलेलं नाही, ती सॅम.

पहिलीची कमतरता जुनी आहे, बहुतेकदा आईच्या गरोदरपणापासूनची. महिनाअखेरीला डाळ संपणारं घर, वरचेवर होणारी हगवण, भात नि पातळ वरणावर काढलेले दिवस. अशा मुलीला तूप-साखर भरवली तर वजन वाढेल, उंची तेवढ्याने वाढणार नाही. तिला रोज डाळ, अंडं, दूध, जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी हवी, आणि तेही महिनोन्‌महिने.

दुसरीचं दुखणं आत्ताचं आहे. दोन आठवड्यांचा ताप-जुलाब किंवा घरातली मजुरी अचानक बंद पडणं एवढंही पुरतं. तिच्या जिवाला धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. दंडाची पट्टी इथे फार कामाची: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असला की सॅम, मग वजन काहीही असो. दोन्ही पावलांवर सूज असेल, बोटाने दाबल्यावर खड्डा राहत असेल, तरीही सॅमच. सुजेमुळे लेकरू उलट भरल्यासारखं दिसतं. सूज असेल, ताप असेल किंवा ते खायलाच तयार नसेल तर वाट बघू नका, मेयो किंवा मेडिकल या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या बालरोग विभागात न्या. तिथे पहिले काही दिवस मुद्दाम कमी कॅलरीचं दूध थोडं थोडं देतात, कारण वाळलेल्या शरीराला एकदम भरपूर खाणं झेपत नाही. घरच्या मायेने नेमकं हेच उलटं होतं.

नुसत्या वजनकाट्यावर भागवणं मला म्हणूनच पटत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला फळीवर झोपवून, त्याहून मोठ्याला उभं करून उंची नीट घेतलीच पाहिजे. अंदाजाने उंची लिहिली की सॅम दिसतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं कमी वजनाची निघाली, आणि उंचीच्या मानाने लुकडी २५.६ टक्के. देशाचा लुकडेपणाचा आकडा १९.३ होता. आपलं दुखणं उंचीसोबतच कळतं ते असं.

मदतीचंही तसंच. रेशनवर प्राधान्य गटाच्या कार्डाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब, कुटुंबाला ३५ किलो धान्य महिन्याला मिळतं, ते फुकट. त्याने चूल पेटते, आणि पहिल्या मुलीच्या घराला तो मोठा आधार आहे. पण त्यात गहू-तांदूळच जास्त. वाचलेल्या पैशातून डाळ-अंडी आली तरच ते बाळापर्यंत पोचतं. अंगणवाडीतून घरी न्यायला मिळणारं टीएचआरचं पाकीट बाळाच्या नावाचं असलं तरी तीन भावंडांत वाटलं जातं, आणि त्यासाठी आईला दोष देऊ नये. सॅमच्या मुलीला मात्र यातलं काहीच एकट्याने पुरत नाही. तिला उपचारच लागतात.

घरात दोन वर्षांचं लेकरू असेल तर त्याचं नाव रेशन कार्डावर चढलंय का, तेही बघा. प्राधान्य कार्डावर नाव नसेल तर त्याचे ५ किलो येत नाहीत. बालाघाट-छिंदवाड्याकडून बांधकामावर आलेल्या कुटुंबांना त्यांच्या गावच्याच कार्डावर नागपूरच्या रेशन दुकानातून धान्य उचलता येतं, आधार जोडलेलं असलं की झालं.