इंजिनाची अडखळ व सॉफ्टवेअर दुरुस्ती (बेळगाव सीमाभाग)

इंजिनाची अडखळ : ॲक्सिलरेटर दाबल्यापासून इंजिन ओढ धरेपर्यंत पडणारा नको इतका खंड, किंवा ओढ धरल्यावर मध्येच बसणारा हिसका. कार्ब्युरेटरच्या काळात हा दोष जेट, फ्लोट किंवा चोकमध्ये सापडे आणि पेचकसाने सुटे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांत तो यंत्रात असू शकतो, इंधनात असू शकतो, तसाच इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलीतही असू शकतो. आज्ञावलीतला दोष सॉफ्टवेअर बदलून जातो, बाकीचे दोन त्याने जात नाहीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात वाटेची समुद्रसपाटीपासूनची उंची, इंधन आणि हवा एकाच दिवसात बदलते, म्हणून इथे हे तिन्ही दोष एकमेकांत विशेष मिसळतात.

शब्दांचा घोळ

सीमाभागातल्या गॅरेजमध्ये तक्रार मराठीत सांगितली जाते, मिस्त्री आपसात कन्नड किंवा हिंदीत बोलतात आणि जॉब कार्ड इंग्रजीत लिहिले जाते. ‘पिकअप नाही’, ‘पिकअप इल्ला’, ‘गाडी वढत नाही’, ‘दबते’, ‘हिसके मारते’, ‘मिसिंग करते’ हे सगळे शब्द गिऱ्हाईक एकाच त्रासासाठी वापरतो. मिस्त्रीच्या लेखी मात्र ‘मिसिंग’ म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी किंवा इंधन न पोचणे. तो शब्द ऐकला की प्लग आणि कॉइल बदलले जातात, खर्च होतो आणि अडखळ तशीच राहते. तक्रार सांगताना ठरावीक शब्दापेक्षा स्थिती सांगणे अधिक उपयोगी पडते : इंजिन थंड की गरम, कितवा गिअर, वेग आणि आरपीएम किती, एसी चालू की बंद, चढ की सपाट, टाकीत इंधन किती आणि ते कुठे भरले. ‘दुसऱ्या गिअरमध्ये २० च्या वेगाला, १,३०० आरपीएमवर, एसी चालू असताना पाय दाबला की एक सेकंद काहीच होत नाही’ एवढे सांगितले, तर अर्धे निदान तिथेच होते.

पायापासून चाकापर्यंत

नव्या गाडीत ॲक्सिलरेटरची तार थ्रॉटलपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंत, जात नाही. पॅडलमध्ये दोन सेन्सर असतात. त्यांचे व्होल्टेज ठरलेल्या प्रमाणात जुळले तरच इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, पायाची मागणी मानतो. मग तो हवेचे मोजमाप, तापमान, ऑक्सिजन सेन्सर, गिअर आणि एसीचा भार पाहून थ्रॉटल किती उघडायचा, इंधन किती सोडायचे आणि ठिणगी कधी पाडायची ते ठरवतो. पाय एकदम दाबला तर गाडीला धक्का बसू नये म्हणून तो मागणी मुद्दाम थोडी सावकाश पुरी करतो. इको मोडमध्ये हा सावकाशपणा वाढतो.

म्हणजे काही अडखळ ही गाडीच्या रचनेतच असते. एक लिटरच्या तीन सिलिंडरी टर्बो पेट्रोल इंजिनात साधारण १,५०० आरपीएमच्या खाली टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, दाब धरत नाही. एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर स्वतः बदलणारा गिअरबॉक्स, गिअर बदलताना इंजिनाची ओढ क्षणभर तोडतो. कोरड्या क्लचची ड्युअल क्लच पेटी (दोन क्लचांचा स्वयंचलित गिअरबॉक्स) घाटातल्या कोंडीत सरपटत राहिली तर तापते आणि स्वतःला जपण्यासाठी हात आखडते. असे वागणे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीतही दिसले, तर तो बिघाड नव्हे. शंका असेल तेव्हा शोरूमची तशीच गाडी त्याच रस्त्यावर चालवून पाहणे ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे.

उंची

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब साधारण ९२ ते ९३ किलोपास्कल असतो, गोव्याच्या किनाऱ्यावर १०१ च्या आसपास. त्यामुळे टर्बो नसलेले इंजिन बेळगावात मुळातच सात-आठ टक्के कमी जोर देते. चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळी गावाला पोचलेली गाडी ‘आपोआप सुधारली’ असे वाटते ते यामुळेच. परतीच्या चढावर तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

याचा निदानाशीही संबंध आहे. इग्निशन चालू आणि इंजिन बंद ठेवून स्कॅनरवर हवेच्या दाबाचा, म्हणजे मॅप सेन्सरचा आकडा पाहिला, तर बेळगावात तो ९२-९३ यायला हवा. समुद्रसपाटीचा तक्ता समोर ठेवून ‘१०१ येत नाही, सेन्सर गेला’ असा निकाल दिला, तर चांगला सेन्सर बदलला जातो. उलट बेळगावात १०१ दिसले तर सेन्सरवर संशय घ्यावा.

इंधन

२० टक्के इथेनॉलचे पेट्रोल, म्हणजे ई-२०, २०२३ पासून पंपांवर येऊ लागले. हा सीमाभाग उसाचा पट्टा आहे आणि अशाच पट्ट्यांतल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या इथेनॉल तयार करतात, त्यामुळे इथल्या वाचकाला हा विषय परका नाही. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५. म्हणून तेवढ्याच हवेत ईसीयूला इंधन जास्त सोडावे लागते. ऑक्सिजन सेन्सरवरून तो ते शिकतो. पण फिल्टर तुंबलेला असेल, पंपाचा दाब कमी असेल किंवा इंधन फवारणारे इंजेक्टर मळलेले असतील, तर ही जादा मागणी पुरी होत नाही आणि मिश्रण पातळ पडून (हवा जास्त, इंधन कमी) अडखळ सुरू होते. थंडीच्या सकाळी पहिल्या एक-दोन किलोमीटरांत ती अधिक जाणवते, कारण इथेनॉलची वाफ थंडीत सहज होत नाही. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या ई-१० साठी बनल्या आहेत. अशा गाडीसाठी उत्पादकाने नवी आज्ञावली दिली आहे का, हे विचारून घ्यावे.

इथेनॉल पाणी ओढून घेते. मालक पुण्याला नोकरीला आणि गाडी गावी उभी, अशी स्थिती या भागात घरोघर आहे. अर्ध्या टाकीवर पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी धरलेले इंधन तळाशी वेगळे होऊ शकते. खानापूर आणि जांबोटीकडच्या पावसात तर हे ध्यानात ठेवायलाच हवे. सीमेवर राज्याराज्यातला दर पाहून पंप बदलण्याची सवय सर्वांनाच आहे. त्यात गैर काही नाही, पण अडखळीचा शोध चालू असेपर्यंत दोन-तीन टाक्या एकाच पंपावर भराव्यात आणि पावत्या ठेवाव्यात.

सॉफ्टवेअरआधी पाहायच्या गोष्टी

पहिली बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ ते १२.७ व्होल्ट, स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली नाही, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७. स्मार्ट अल्टरनेटरच्या गाडीत शेवटचा आकडा खालीवर होतो, ते स्वाभाविक आहे. व्होल्टेज डळमळीत असले की सेन्सरांचे आकडे खोटे येतात आणि नसलेले दोष दिसू लागतात.

मग हवेची वाट : एअर फिल्टर, त्यानंतरची रबरी नळी, तिचे क्लॅम्प. नळीला चीर असेल तर मोजमाप न झालेली हवा आत जाते. ऊसतोडीनंतर शेतातले उंदीर बॉनेटखाली येतात. नळ्या, वायरिंग आणि फिल्टरची पेटी हाताने चाचपून पाहावी. थ्रॉटलच्या पाकळीवरचा काळा थर थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापडाने पुसतात. इग्निशन चालू असताना पाकळी बोटाने ढकलू नये, आतली मोटर आणि दातेरी चाके बिघडतात. साफसफाईनंतर थ्रॉटलची शून्यस्थिती स्कॅनरवरून पुन्हा शिकवावी लागते. ही पायरी गाळली की आरपीएम चढे राहतो आणि ‘साफ केल्यावर बिघडली’ अशी नवीच तक्रार येते.

त्यानंतर स्कॅनर. दोषाचा कोड ही फक्त दिशा असते. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट न पेटणे), पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये, पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपुरा, पी००८७ म्हणजे इंधन रेलचा दाब कमी, पी२१३५ म्हणजे थ्रॉटल किंवा पॅडलच्या दोन सेन्सरांत विसंगती. खरी माहिती चालू आकड्यांत असते. इंधन दुरुस्तीची टक्केवारी, म्हणजे फ्युएल ट्रिम, निरोगी गाडीत साधारण उणे १० ते अधिक १० च्या आत राहते. ती आयडलला (पाय न दाबता इंजिन नुसते चालू असताना) अधिक २० आणि २,५०० आरपीएमला नीट होत असेल, तर हवेची गळती शोधावी. आयडलला नीट आणि भाराखाली वाढत जात असेल, तर पंप, फिल्टर किंवा मळलेला हवामापक सेन्सर. बाजारातला साधा ब्लूटूथ स्कॅनर एवढे दाखवतो. गिअरबॉक्सच्या संगणकातले कोड मात्र बहुधा कंपनीच्या उपकरणावरच दिसतात.

बॅटरीची तार काढून दहा मिनिटांनी जोडण्याचा उपाय या भागात फार चालतो. त्याने ईसीयूने शिकलेले आकडे पुसले जातात आणि गाडी दोन-चार दिवस बरी वाटते. पण त्याचबरोबर दोष उमटला त्या क्षणीची नोंदही बहुधा पुसली जाते. सर्व्हिस सेंटरला नेण्याआधी हे करू नये. पुरावाच हाती राहत नाही.

डिझेल गाड्यांत आणखी एक कारण : डीपीएफ, म्हणजे काजळीची गाळणी. बेळगावातल्या टिळकवाडी ते कॅम्प एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीत ती भरत जाते, कारण काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागते आणि ते छोट्या फेऱ्यांत टिकत नाही. दिवा लागताच राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून संकेश्वरच्या दिशेने वीस-तीस मिनिटे सलग ६० ते ८० च्या वेगाने जावे. जळण चालू असताना इंजिन वारंवार बंद केले तर न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी डिपस्टिकवर कमाल खुणेच्या वर गेली, तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी ताणू नये.

सॉफ्टवेअर बदलण्याची रीत

वरचे सगळे नीट असूनही अडखळ ठरावीक स्थितीत हमखास येत असेल, तर आज्ञावलीकडे वळावे. सर्व्हिस सेंटर चासी क्रमांकावरून ईसीयूतली कॅलिब्रेशन आवृत्ती, म्हणजे आज्ञावलीची आवृत्ती, वाचते आणि कंपनीच्या सर्व्हरवरील नव्या आवृत्तीशी ताडते. नवी आवृत्ती नसेल, तर ‘सॉफ्टवेअर मारून बघू’ म्हणण्याला अर्थ उरत नाही. तीच आवृत्ती पुन्हा भरली तर शिकलेले आकडे पुसून तात्पुरता फरक दिसतो, एवढेच.

नवी आवृत्ती भरताना, म्हणजे फ्लॅश करताना, बॅटरीला स्थिर वीजपुरवठा जोडलेला हवा, साधारण १३ ते १४ व्होल्टचा. गल्लीतला साधा चार्जर चालत नाही, त्याचा प्रवाह एकसारखा नसतो. दिवे, पंखा, एसी, म्युझिक बंद. लॅपटॉप चार्ज केलेला. वीज गेली तर काम मध्येच तुटू नये अशी सोय आधी पाहून घ्यावी. काम पंधरा मिनिटांत होते किंवा पाऊण तासही लागतो. मध्येच खंड पडला तर गाडी सुरू होत नाही. बहुतेक वेळा पुन्हा भरून ती सावरते, क्वचित ईसीयूच बदलावा लागतो.

भरणे हे निम्मे काम. नंतर जुने कोड पुसणे, थ्रॉटल आणि आयडल शिकवणे, एएमटी असल्यास क्लच धरण्याची जागा शिकवणे, आणि डिझेलमध्ये इंजेक्टरांचे कोड जुळतात का ते पाहणे आवश्यक आहे. मग वीस-तीस किलोमीटरची चाचणी, तीही तक्रार ज्या स्थितीत येत होती त्याच स्थितीत. बेळगावातल्या उद्यमबागच्या सपाट रस्त्यावर दोन फेऱ्या मारून चढावरची तक्रार मिटली असे ठरवता येत नाही. निपाणीच्या गाडीसाठी तवंदी घाट, बेळगावच्या गाडीसाठी वंटमुरीचा चढ जवळ आहे. गाळप हंगामात दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे दुसऱ्या गिअरवर रखडून मग ओव्हरटेक करावा लागतो. अडखळ सर्वांत धोक्याची तिथेच ठरते, म्हणून तशी ओढ मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम तपासून घ्यावी.

स्क्रीनवर परस्पर येणारे अपडेट बहुधा नकाशा, म्युझिक आणि कनेक्टेड सुविधांचे असते. ते केले म्हणजे इंजिनाची आज्ञावली बदलली असे समजू नये.

खाजगी रीमॅप हा वेगळा प्रकार आहे. त्यात उत्पादकाच्या मर्यादा ओलांडून इंधन आणि टर्बोचा दाब वाढवतात. अडखळ झाकली जाते, पण क्लच, टर्बो आणि उत्प्रेरकावर (धूर शुद्ध करणाऱ्या भागावर) ताण येतो आणि वॉरंटी अडचणीत येते. वॉरंटीतल्या गाडीला हा उपाय करू नये.

वॉरंटी आणि दाद

कंपनीची सॉफ्टवेअर बदलण्याची मोहीम चासी क्रमांकाला लागू असते, नंबरप्लेटला नव्हे. त्यामुळे केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिकोडी) ची गाडी कोल्हापूर किंवा गोव्यातल्या अधिकृत केंद्रातही अद्ययावत करता येते. जॉब कार्डवर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : तक्रारीची नेमकी स्थिती, आधीची आणि नंतरची कॅलिब्रेशन आवृत्ती, आणि चाचणीचे किलोमीटर. ‘तपासले, ठीक आहे’ एवढ्या शेऱ्यावर सही करू नये.

दोष सुरक्षिततेला धोका देणारा असेल, तर मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०-अ नुसार सरकार उत्पादकाला गाड्या परत बोलवायला लावू शकते. वैयक्तिक दाद मागण्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. त्यात तक्रारदार स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. गाडी कोल्हापुरात घेतली आणि घर निपाणीत असेल, तरी तक्रार बेळगाव जिल्ह्यात दाखल करता येते. मोबदला, म्हणजे गाडीसाठी मोजलेली किंमत, ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे.