जुन्या गाडीची पेट्रोल नळी: दाब कमी, तरी आर-९ दर्जाची का?

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यात कोल्हापूरच्या उसाचाही वाटा आहे. १९८०-९० च्या दशकातल्या मारुती ८०० किंवा पद्मिनीच्या नळ्या मात्र असल्या पेट्रोलसाठी बनलेल्याच नव्हत्या.

त्या नळ्यांचं आतलं अस्तर नायट्राइल रबराचं. रबर लवचीक राहावं म्हणून त्यात तेलासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. इथेनॉल आणि पेट्रोल मिळून ती द्रव्यं हळूहळू ओढून घेतात. पेट्रोल भरलेलं असेपर्यंत नळी फुगून मऊ राहते. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की ती सुकते, आकसते आणि क्लिपपाशी किंवा वळणावर चिरते. नळी बोटांत वाकवून बघा. बाहेरच्या बाजूला केसासारख्या रेघा दिसल्या तर ती त्याच दिवशी बदला.

कार्बोरेटरला जेमतेम ३ ते ५ पीएसआय दाब लागतो. त्यामुळे ‘साधी नळी चालते’ असं सर्रास सांगितलं जातं. दाबाच्या हिशेबानं ते खरंच आहे, पण इथेनॉलच्या हिशेबानं नाही. नळीवर छापलेला दर्जा वाचा (एसएई जे-३० हे इंधनाच्या नळ्यांचं मानक): एसएई जे-३० आर-७ म्हणजे साधी, आर-९ म्हणजे इंजेक्शनच्या गाड्यांची, आतून इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लोरोरबराचं अस्तर असलेली. ती महाग पडते, तरी तीच घ्यावी. काहीच छापलेलं नसेल तर ती नळी घेऊ नका. रंगीत सिलिकॉन नळी पाण्यासाठी चांगली, पेट्रोलमध्ये मात्र ती फुगते. टाकीच्या आत बुडणाऱ्या तुकड्याला आर-१० लागते, कारण तिथे नळीचा बाहेरचा थरही पेट्रोलमध्येच असतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात नळी आणायला जाताना जुन्या तुकड्यावरून माप देऊ नका, फुगलेली नळी खोटं माप देते. धातूच्या पाईपचा बाहेरचा व्यास व्हर्नियरनं मोजा. नळीचा आतला व्यास तेवढाच किंवा किंचित कमी हवा. नळी धारदार पात्यानं काटकोनात कापा. करवतीनं कापली तर रबराचा भुगा कार्बोरेटरच्या नीडल व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. नळी पाईपवर निदान २५ मिमी चढवा, आणि क्लिप पाईपच्या फुगवट्याच्या मागे बसू द्या. खाचांच्या पट्टीची क्लिप रबर कापते, म्हणून गोल कडांची घ्या. फ्लेअर जोडाला, म्हणजे पाईपचं तोंड पसरवून नटानं आवळलेल्या जोडाला, टेफ्लॉन टेप लावू नका. तिथे धातूवर धातू घट्ट बसून गळती थांबते, आणि टेपचे धागे सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक छिद्रात, अडकतात. बँजो बोल्टचे (ज्याच्या पोकळीतून पेट्रोल जातं तो बोल्ट) तांब्याचे वॉशर मात्र दर वेळी नवे घाला.

काम इंजिन गार असताना, बॅटरीची निगेटिव्ह काढून आणि उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते.

सगळ्यात फसवी जागा टाकी ते पंप ही. या गाड्यांत पंप इंजिनालाच बसवलेला असतो आणि तो पेट्रोल ओढून घेतो. त्यामुळे तिथली चीर ठिबकत नाही, हवा आत खेचते. सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालते, पण करूळ घाट चढताना मागणी वाढली की आचके देते. मिस्त्री मग कार्बोरेटर उघडतो, प्लग बदलतो, आणि दोष टाकीजवळच्या वीतभर नळीत असतो. पंपापुढची नळी फुटली तर वास येतो, डाग दिसतो. पंपामागची फुटली तर दिसायला काहीच नसतं. म्हणून कोरडी दिसली तरी तीसुद्धा बदलावी.

नवी नळी बसवल्यावर दहा मिनिटं इंजिन चालवून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवा. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सुटा करतं, म्हणून पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पेट्रोल फिल्टरही बदला.